गाणारा उभा, नाचणारा मुका

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगला जाऊन बसा, कोळीनृत्य असणारच. प्लायवूडची रंगवलेली वल्ही, भाड्याने आणलेली लुगडी, पेनड्राइव्हवरचं गाणं आणि ओळीत बसून हवेत वल्हवणारी आठ-दहा मुलं. त्यातल्या दोघातिघांच्या घरी खरोखरची होडी असते, पण तिला डिझेलचं इंजिन असतं. दर्यात वल्हं मारणारा माणूस त्यांना आजोबांच्या बोलण्यातूनच ठाऊक. नाचताना ही मुलं गात नाहीत, नुसते ओठ हलवतात. दोन कार्यक्रम झाले की एक मुलगी माइकसमोर येते, हात बांधते आणि नाट्यगीत म्हणते. आवाज गोड असतो, तालीम पक्की असते, आणि ती पाच मिनिटं जागची हलत नाही. शेवटी बक्षिसं वाटतात तेव्हा गायनाचं वेगळं, नृत्याचं वेगळं, एकांकिकेचं वेगळं.

या विभागणीत कुणालाच काही चुकल्यासारखं वाटत नाही. मला वाटतं. आजची मराठी मुलं परफॉर्मिंग आर्ट्सच्या वर्गात जाऊन अडतात ती नेमकी इथेच, आणि त्यांच्या अडण्याचं कारण त्यांच्या अंगात शोधण्यापेक्षा आपल्या नाटकाच्या इतिहासात शोधलेलं बरं.

अशा वर्गात काय होतं ते आधी सांगते. अलिबाग-मुरूडकडची मुलं मुंबईला किंवा पुण्याला जातात, तिथे ‘म्युझिकल’ आणि ‘कंटेम्पररी’ हे दोन शब्द त्यांच्या कानावर रोज पडू लागतात. म्युझिकलच्या तासाला शिक्षक सांगतात, हॉलला धावत फेरी मारा आणि धावता धावता गा. गावाकडे गाण्याची पेटीवर तालीम केलेल्या मुलीचा सूर तिसऱ्या पावलाला फाटतो. नाचाच्या क्लासला गेलेल्या मुलाचे पाय बरोबर पडतात, पण त्याच्या तोंडून ओळ फुटत नाही. मीही या वर्गांतून गेले आहे, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं की माझा गळा आणि माझे पाय यांची एकमेकांशी ओळखच करून दिलेली नव्हती. शिक्षक म्हणायचे, सरावाने येईल. सरावाने आलंही. पण ही ओळख इतक्या उशिरा का होते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

उत्तरासाठी 1843 सालच्या सांगलीला जावं लागतं. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून जी नाटकं सुरू झाली, त्यांत पदं सूत्रधार आणि त्याचे साथीदार म्हणत आणि पात्रं त्यावर वावरत, नाचत, ऐन वेळी सुचेल ते बोलत. सरस्वती मोरावर बसून नाचत यायची. राक्षस आरोळ्या ठोकत, उड्या मारत यायचे. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या लोकांनी या नाटकांना ‘तागडथोम’ आणि ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं. तो उपहास अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्या राक्षसांच्या धांगडधिंग्यात फार काही गहन दडलं होतं असं मीही म्हणणार नाही. पण त्या नाटकाला अंग होतं.

मग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. किर्लोस्करांनी केलेला बदल मोठा होता: पद सूत्रधाराच्या तोंडून काढून पात्राच्या तोंडी दिलं. आता शकुंतलेचं दुःख दुसरा कुणी गात नव्हता, ती स्वतः गात होती. मराठी नाटकाच्या इतिहासात याचं कौतुक नेहमी होतं आणि ते रास्तच आहे. पण या व्यवहाराचा दुसरा हप्ता कुणी मोजत नाही. गाणं पात्राला मिळालं आणि जवळपास त्याच वेळी नाच पात्राकडून काढून घेतला गेला. गाणारा नट रंगमंचाच्या मध्यावर, पुढे येऊन उभा राहिला तो शंभराहून अधिक वर्षं तसाच उभा आहे. संगीत नाटकांत नाच अजिबात नव्हता असं नाही; पण तो बहुतेक वेळा प्रसंग म्हणून आला, दरबार दाखवायचा तर नर्तकी आली. कथा पुढे नेण्याचं काम नाचाकडे कुणी सोपवलं नाही.

यामागे एक कारण खरोखरीच श्वासाचं होतं. माइक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तोही रागदारीच्या चालीत, ताना घेत, आणि प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला की पुन्हा तेच. हे करणाऱ्या माणसाला नाचायला सांगणं अन्यायच होता. दुसरं कारण प्रतिष्ठेचं होतं, आणि त्यावर आपण कमी बोलतो. नाच म्हटला की तमाशा, तमाशा म्हटला की फड, आणि फड म्हटला की विशिष्ट जाती, विशिष्ट बायका. नव्या शिकलेल्या वर्गाला घरच्या मंडळींना घेऊन बसता येईल असं नाटक हवं होतं. गळा शास्त्रीय संगीताच्या आधाराने सोवळा झाला. पायांना असा आधार मिळाला नाही, म्हणून ते बाहेर राहिले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर स्वतः गात आणि स्वतः नाचत. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मानही मिळाले. पण संगीत नाटकाच्या इतिहासात त्यांचं प्रकरण सापडणार नाही. ते ‘लोककला’ नावाच्या दुसऱ्या पुस्तकात सापडतं.

एक योगायोग मला फार बोलका वाटतो. 1943 साली सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला ‘ओक्लाहोमा!’ हे म्युझिकल सुरू झालं, ज्यात नृत्यदिग्दर्शिका ॲग्नेस डि मिल यांनी नायिकेच्या मनातली भीती एका लांबलचक स्वप्ननृत्यातून मांडली. शब्द नाहीत, गाणं नाही, पण ते नृत्य काढलं तर नायिका पुढे जे करते ते कळत नाही. पुढे 1957 मध्ये ‘वेस्ट साइड स्टोरी’त जेरोम रॉबिन्स यांनी टोळ्यांची मारामारीच नाचात बसवली. म्हणजे आपण पदांची शंभरी साजरी करत होतो तेव्हा ते पायांकडे गोष्ट सोपवत होते. त्यांच्याकडे सगळं थोर आणि आपल्याकडे नाही, असं म्हणायचं नाही मला. ब्रॉडवेचं बरंचसं गाणं आपल्या भास्करबुवा बखल्यांच्या चालींपुढे पातळच वाटतं. फरक एवढाच की कलेतल्या कोणत्या अवयवाला बुद्धी आहे असं आपण मानतो. आपण गळ्याला मानली.

याला मराठीतला मोठा अपवाद 16 डिसेंबर 1972 चा. ‘घाशीराम कोतवाल’. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि, जे नाव सर्वांत कमी घेतलं जातं ते, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. ओळीत उभी असलेली माणसं डुलतात आणि भिंत होतात, वळतात आणि भिंत फुटते. त्या डुलण्यातच पेशवाईतल्या पुण्याचं सगळं ढोंग आहे. ते संवादांत सांगितलं असतं तर भाषण झालं असतं. या नाटकावर दशावतार आणि खेळे यांसारख्या कोकणी लोकनाट्यांचा ठसा आहे, तो कुणालाही दिसतो. म्हणजे 1980 नंतर जगभर फिरलेल्या या मराठी नाटकाचे पाय कोकणातून आले. आणि कोकणातली मुलं मात्र ‘मूव्हमेंट’ शिकायला मुंबईला जातात तेव्हा त्यांना वाटतं, आपण रिकाम्या हाताने आलो.

इथे एक सोपी वाट समोर येते आणि व्याख्यानांत ती नेहमी घेतली जाते: आमच्याकडे हे सगळं होतंच, गाणं-नाच-अभिनय एकत्र आमच्या लोककलांत पहिल्यापासून आहेच, मग पाश्चात्त्यांचं कशाला? मला ही वाट मान्य नाही, कारण ती खरी नाही. दक्षिण रायगडात, म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव, महाड, पोलादपूरकडे गौरी-गणपतीत जाखडी होते. चाकरमान्यांबरोबर ती मुंबईला गेली, तिथे तिला बाल्या नाच म्हणाले, आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने रंगले. जाखडी नीट पाहा. मध्यभागी शाहीर बसलेला असतो, शेजारी मृदंगवाला, झील धरणारे. एका पायात चाळ बांधलेले नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. गाणारा बसलेला, नाचणारा फिरता. विभागणी तिथेही आहेच! गवयाच्या गळ्याचा आणि नाचणाऱ्याच्या पायाचा संबंध मृदंगाच्या मार्फत येतो. सवाल-जवाबाची बुद्धी शाहिराकडे, आणि नाचणाऱ्यांकडे दम. शाहिराचं नाव जाहिरातीवर असतं, नाचणाऱ्यांचं नसतं.

मग तमाशा सोडला तर एकाच देहात गाणं आणि नाच कुठे आहे? मला ते सापडतं ते जिथे प्रेक्षकच नसतात तिथे. गौरीच्या रात्री, मंगळागौरीला, लग्नाच्या आदल्या दिवशी बायका फेर धरतात, झिम्मा-फुगडी घालतात आणि गातात, स्वतःच. फुगडीची रचना श्वासाच्या दृष्टीने पाहिली तर थक्क व्हायला होतं. सुरुवातीला गती कमी असते तेव्हा ओळी लांब असतात. एक जोडी विचारते, दुसरी उत्तर देते, म्हणजे प्रत्येकीला दम घ्यायला अर्धा वेळ मिळतो. गिरकी वाढत जाते तशा ओळी तोकड्या होतात. आणि गती टिपेला पोचते तिथे शब्द पूर्ण गळून पडतात, उरतो तो तोंडाने काढलेला फुंकरीचा नाद, म्हणजे श्वास हाच ताल. म्युझिकलच्या वर्गात नृत्यदिग्दर्शक आणि संगीतकार जे एकमेकांशी भांडून भांडून ठरवतात, की कुठे गाणाऱ्याला उडी देऊ नये, कुठे वाक्य तोडावं, कुठे समूहाने ओळ उचलावी, ते या बायकांनी अंगणात सोडवून ठेवलं आहे. त्याला कला म्हणून कुणी मोजलं नाही, कारण तिकीट नव्हतं, स्टेज नव्हतं, आणि करणाऱ्या बायका होत्या. मुंबईच्या वर्गात श्वासाचा हा धडा मी घेत होते तेव्हा माझ्या आजीची फुगडी मला आठवली नाही, कारण ती धड्याच्या यादीतली गोष्ट आहे हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता तर श्वासाची जुनी सबबही उरलेली नाही. कानामागून गालावर येणारा माइक आला, तेव्हाच गाणाऱ्या नटाने एका जागी उभं राहण्याचं कारण संपलं. फिरोज अब्बास खानांचं ‘मुघल-ए-आझम’ 2016 मध्ये मुंबईत एनसीपीएला आलं. नट गात होते आणि मयूरी उपाध्यांनी बसवलेल्या कथकच्या रांगा त्यांच्याभोवती फिरत होत्या. 2023 मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं आणि ‘साउंड ऑफ म्युझिक’ थेट परदेशातून आलं. या भव्य प्रयोगांचा विद्यार्थ्यांवर फार परिणाम होतो. परत आल्यावर त्यांच्या वह्यांत प्रकाशयोजनेची आणि फिरत्या सेटची चित्रं असतात. मला ते प्रयोग बघायला आवडले, पण त्यांतून आपल्याकडच्या विद्यार्थ्याने काय घ्यावं याबद्दल शंका आहे. ‘मुघल-ए-आझम’मध्ये सुद्धा नाचणारा संच आणि गाणारे नट बऱ्याच अंशी वेगवेगळेच राहतात. जाखडीचाच फेर, फक्त दिव्यांचा खर्च मोठा.

त्यापेक्षा 2017 ची प्राजक्त देशमुखांची ‘संगीत देवबाभळी’ मला जास्त विचारात पाडते. दोन बायका, आवली आणि लखुबाई; आनंद ओक यांचं संगीत; आणि गाणं घरकामाच्या मधून, बोलण्याच्या मधून उगवणारं. संगीत नाटक संपलं म्हणणाऱ्यांना या नाटकाने चांगलं उत्तर दिलं. एक गंमत मात्र सांगावीशी वाटते. या काळातल्या सर्वांत यशस्वी संगीत नाटकाची गोष्टच आवलीच्या पायात काटा रुतल्यापासून सुरू होते. मराठी संगीत नाटकाचा पाय अजून जायबंदी आहे, त्याची शुश्रूषा चालू आहे, असं मला थट्टेने म्हणावंसं वाटतं. (ही थट्टा नाटकावर नाही, आपल्यावर आहे.)

आता दुसरा शब्द. ‘कंटेम्पररी’चा किनाऱ्यावर पहिला परिचय टीव्हीने करून दिला. 2009 मध्ये ‘डान्स इंडिया डान्स’ सुरू झालं, टेरेन्स लुईस घरोघरी पोचले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्लासच्या पाट्यांवर बॉलिवूड, हिपहॉपच्या खाली कंटेम्पररी हा तिसरा पर्याय आला. त्याचा अर्थ असा झाला: दुःखी गाणं, फिकट कपडे, एक मुलगा एका मुलीला उचलतो, ती जमिनीवर घसरते, परीक्षक डोळे पुसतात. यात वाईट काही नाही, पण ही एक ठरलेली शैली झाली, आणि समकालीन नृत्याचा जन्मच मुळी ठरलेल्या शैलीशी भांडणातून झालेला.

चंद्रलेखा यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते, एक तर त्या जन्मल्या वाड्याला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, आणि दुसरं म्हणजे त्यांचं भांडण स्पष्ट आहे. भरतनाट्यम पूर्ण येत असताना त्यांनी विचारलं, की यातली देवभक्तीची सजावट काढली तर खाली काय उरतं? उरतो तो मणका, कटी, वजन, श्वास. मग 1985 च्या ‘अंगिका’त त्यांनी योग आणि कलरिपयट्टू भरतनाट्यमच्या शेजारी ठेवलं आणि अंग कुठून ताकद घेतं ते दाखवलं. अस्ताद देबू मणिपूरच्या पुंग चोलोमच्या वादकांबरोबर काम करत राहिले, जिथे मृदंग वाजवणारा स्वतःच झेप घेतो. या दोघांचं काम बघितल्यावर समकालीन नृत्य परदेशी आहे का, हा प्रश्न मागे पडतो. ती एक विचारण्याची पद्धत आहे: हे अंग असं का हलतं, कुणी शिकवलं, आता कशासाठी हलतं?

हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर विचारला तर गॅदरिंगचं कोळीनृत्य पहिल्या झटक्यात उघडं पडतं. वल्हवण्याचा तो अभिनय एकेकाळी खऱ्या कामाची नक्कल होता. आज तो कोळ्यांच्या पणजोबांच्या कामाची नक्कल आहे, तीही शांताबाई शेळक्यांच्या आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या गाण्यांनी शहरी कानांत पक्की केलेली. त्या गाण्यांबद्दल तक्रार नाही, ती सुंदरच आहेत. पण आज थळच्या, बोर्लीच्या, एकदऱ्याच्या माणसाचं अंग काय करतं ते त्यात कुठेच नाही. इंजिनाच्या हादऱ्याने तासन्‌तास थरथरणारे पाय. बर्फाच्या पेट्या हातोहात देणारी रांग, जिच्यात निम्मे खलाशी परप्रांतातले. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हाचं ते रिकामं बसणं. बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचे सतत डोक्यावर उचललेले हात. आणि खाडीत पाग टाकणाऱ्याची ती फेक: जाळ्याचा काही भाग कोपरावर, काही हातात, एक टोक दातात, मग कमरेपासून पीळ आणि जाळं हवेत गोल उघडतं. समकालीन नृत्याच्या वर्गात मणक्याचा पीळ शिकवायला आठवडे जातात. पाग टाकणारा तो पीळ रोज घेतो, पण त्याने दातात धरलेलं टोक ऐन वेळी सोडावं लागतं, नाही तर दात जातील. ही जोखीम नाचात आणता येईल का? मला वाटतं, हा एक प्रश्न घेऊन विद्यार्थ्याने वर्षभर काम करावं.

मी हे सुचवते तेव्हा दोन बाजूंनी आक्षेप येतात, आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. गावातली जाणती मंडळी म्हणतात, आमच्या नाचाची मोडतोड करू नका. निदान गॅदरिंगमध्ये तरी तो टिकला आहे. दुसरा आक्षेप जास्त टोचतो आणि तो मुलांकडूनच येतो. शहरातला कुणी नृत्यदिग्दर्शक येणार, आमच्या बापाचं जाळं टाकणं मोबाइलवर टिपून नेणार, त्याचा महोत्सवात प्रयोग करणार, आणि माहितीपत्रकात ‘कोकणच्या मच्छीमारांपासून प्रेरित’ एवढी एक ओळ येणार. हे घडतं. म्हणूनच मला वाटतं, की हे काम त्या घरातल्या मुलानेच करावं, आणि ते करण्याइतकं शिक्षण त्याला मिळावं. तंत्र नसेल तर तो कायम कुणाच्या तरी प्रयोगातला कच्चा माल राहील. आता राहतोच आहे. मांडव्यापासून किहीम-आवासपर्यंत बंगले आणि रिसॉर्ट उभे राहिले, तिथल्या लग्नांत पाहुण्यांच्या स्वागताला कोळी डान्स ग्रुप बोलावतात. माझ्या ओळखीची कित्येक मुलं मुंबईतल्या वर्गाची फी त्यातून भरतात. म्हणजे प्लायवूडचं वल्हं फिरवून मिळालेल्या पैशांतून ती शिकतात की वल्हं फिरवू नये! या व्यवहाराला मी हसत नाही. पण तिथे पाहुण्यांना हवा असतो तो जुना, रंगीत, हसरा कोळी, आणि ही मुलं तो त्यांना विकतात. स्वतःच्या अंगाबद्दलचं मत हळूहळू त्याच ग्राहकाच्या नजरेतून बनतं.

पहिल्या आक्षेपाला उत्तर आगरी-कोळ्यांच्या हळदीत आहे. ज्यांना ‘टिकवण्या’ची काळजी वाटते त्यांनी उरण-पेण-अलिबागकडच्या एका हळदीला जावं. बेंजो पार्टी लागलेली असते, स्थानिक गायकाने गेल्याच महिन्यात काढलेलं गाणं वाजत असतं, आणि सत्तरीच्या आजीपासून नातवापर्यंत सगळा मांडव नाचतो. कुणी कुणाला जपायला सांगितलेलं नाही. एके काळी याच घरांतल्या लग्नांत धवलारीण धवळे गायची, संथ, लांब. आज बेंजो आहे. परंपरा म्हणून जे दाखवलं जातं ते गोठलेलं असतं आणि जे जिवंत असतं त्याला परंपरा म्हणायला आपण लाजतो. मला विचाराल तर रायगडचं पहिलं खरं म्युझिकल हळदीच्या मांडवातच घडेल: नवरीच्या घरचे नाचत असताना नाचाच्या मधून काहीतरी न बोलता येण्यासारखं पुढे येईल, कुणाची जमीन विकली गेल्याची गोष्ट, कुणाच्या मुलाची जेएनपीएतली कंत्राटी नोकरी. गाणं तेच राहील, पावलं बदलतील. त्यासाठी लेखक हवा. नुसता नाच पुरणार नाही.

आणि शिक्षणसंस्थांनीही आपल्या भिंती जरा खाली आणाव्यात. पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे. संगीत, नृत्य आणि नाटक तिन्ही एका छपराखाली शिकवणारी ही मोलाची जागा. तरी पदवी तीन वेगळ्या विषयांतलीच मिळते. मुंबई विद्यापीठात नाट्यकलेची अकादमी वेगळी, लोककलेची वेगळी. युवा महोत्सवात लोकनृत्य एका दिवशी, एकांकिका दुसऱ्या दिवशी, सुगम गायन तिसऱ्याच हॉलमध्ये. रायगडच्या कॉलेजातली जी मुलगी तिन्ही करू शकते तिला तीन वेळा स्टेजवर जावं लागतं आणि एकदाही तिला पूर्ण पाहिलं जात नाही. गंमत म्हणजे नृत्यासाठीच मुद्दाम लिहिलेलं मराठी साहित्य आपल्याकडे आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरतनाट्यमच्या मैफलीसाठी मराठीत रचना केल्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्या अभ्यासून पुन्हा उभ्या केल्या, सुचेता चापेकरांनी त्या रंगमंचावर आणल्या. मराठी शब्द आणि नाचणारं अंग एकत्र राहू शकतात याचा दोनशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे हा, आणि नाटकाच्या अभ्यासक्रमात तो क्वचितच दिसतो, कारण तो ‘नृत्या’च्या कपाटात आहे.

किनाऱ्यावरच्या मुलांची एक अडचण मात्र विचारांची नाही, भूगोलाची आहे. मांडव्याच्या धक्क्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. तासाभराचं पाणी. पण गेटवेहून सुटणारी शेवटची लाँच संध्याकाळची, आणि नाटक, नाच, मैफल सगळं रात्रीचं. पावसाळ्यात तर लाँच बंदच. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, 2024 च्या जानेवारीत अटल सेतू उघडला. गाडीवाल्यांचं अंतर कमी झालं. एसटीने येणाऱ्या मुलीचं नाही. एक चांगला प्रयोग बघायचा तर कुणाच्या तरी नातेवाइकाकडे, चेंबूरला नाही तर डोंबिवलीला, मुक्कामाची सोय करावी लागते, आणि घरून परवानगी. त्यामुळे समकालीन नृत्य ही मुलं बहुतेक मोबाइलवर बघतात, उभ्या चौकटीत, तीस सेकंद. त्या चौकटीत पाय कापले जातात हे वेगळंच.

म्हणून प्रयोग इकडे यायला हवेत, आणि त्यासाठी जागा हवी. अलिबागचं पीएनपी नाट्यगृह 2022 च्या जूनमध्ये आगीत जळलं तेव्हा नाटकवेड्या लोकांनी हळहळ व्यक्त केली ती खुर्च्यांची, वातानुकूलनाची, ध्वनियंत्रणेची. रंगमंचाच्या जमिनीबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत सभागृहं होतात, सांस्कृतिक भवनं होतात, त्यांची स्टेजं सत्कारासाठी आणि भाषणासाठी बांधलेली असतात: सिमेंटचा चौथरा, वर गुळगुळीत फरशी, फार तर काँक्रीटवर थेट चिकटवलेली फळी. उभं राहून गाणाऱ्याला ती चालते. पडणाऱ्याला, लोळणाऱ्याला, उडी मारून परत येणाऱ्याला ती गुडघ्यातून आणि कमरेतून वसूल करते. जाखडीवाले पूर्वी सारवलेल्या अंगणात नाचत, आता त्याच अंगणांत पेव्हर ब्लॉक बसलेत आणि तिशीतले नाचे गुडघ्याला पट्टा बांधून फेर धरतात. माझ्या ओळखीची मुलं ओहोटीच्या वेळी अलिबागच्या ओल्या वाळूवर पडण्याचा सराव करतात, कारण तालुक्यात दुसरी कुठली जमीन त्यांना झेलत नाही. खाली पोकळी ठेवून, आडव्या-उभ्या पट्ट्यांवर बसवलेली लाकडी जमीन, जी उडीला किंचित दबते, तिचा खर्च छतावरच्या झुंबरांपेक्षा आणि प्रवेशद्वारावरच्या कमानीपेक्षा जास्त नसतो. रायगडात पुढचं कुठलंही नाट्यगृह बांधायला घेतील तेव्हा अंदाजपत्रकात ही एक ओळ घालायला लावणं नाटकवाल्यांच्या हातात आहे, आणि ती मागणी नाचणाऱ्यांनी एकट्याने करू नये, गाणाऱ्यांनीही त्यांच्याबरोबर सही करावी.